गडूचा डोळा

आमच्या मोठ्या मामाजींइतका हट्टी माणूस वैनगंगेच्या या काठाला झाला नाही, आणि त्या काठाला झाला असेल तर त्यानं शिकवणी यांच्याकडेच लावलेली असणार. भंडाऱ्यात न वाकणाऱ्या गोष्टी दोनच, एक पितळ आणि दुसरे मोठे मामाजी, असं माझे यजमान म्हणायचे; आणि वर पुस्ती जोडायचे की पितळ निदान तापवल्यावर तरी वाकतं. मोठे मामाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. बाजारात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागेच आमचं सगळ्यांचं घर. मोठ्या सासूबाई मी लग्न होऊन येण्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या. त्यांच्यामागे राहिलेली एकुलती एक मुलगी मामाजींनी गल्ल्याशेजारी बसवून, भांडी उतरवता उतरवता वाढवली होती.

कुठलीही वस्तू समोर आली की मधल्या बोटाचं पेर वाकवून ती ठोकून बघायची, ही त्यांची पहिली खोड. भांडी तर ठोकतच, पण टरबूज, दाराची फळी, रेडिओ, पाहुण्यांची ट्रंक, काहीही सुटत नसे. डॉक्टर त्यांची छाती ठोकून बघत तेव्हा हे डॉक्टरांचं टेबल ठोकून बघत. मी वर्ध्याहून नवी नवरी म्हणून आले त्या दिवशी त्यांनी माझ्या आंदणाची भांडी एकेक करून कानाशी धरून वाजवली, गंजाशी म्हणजे पातेल्याशी थांबले आणि भरल्या घरात निकाल दिला, "या गंजाले सांधा हाये. पन सूनबाई चांगली दिसते. राहू द्या गंज." दुसरी खोड म्हणजे माणसांना भांड्यांची नावं ठेवायची. माझे यजमान उंच मानेचे, म्हणून झारी. समोरचे किराणावाले रांजण. मला ते कधीमधी कळशी म्हणत. का, ते मी विचारलं नाही.

आणि गडू म्हणजे गिनीपिग. मामाजींची ती मुलगी, म्हणजे माझी नणंद, नागपूरला बी. एस्सी.ला होती, विषय प्राणिशास्त्र. एका सुटीत ती घरी आली ती पिशवीत एक तांबूस-पांढरा गिनीपिग घेऊन. प्रयोगशाळेत त्याचा नंबर लागायचा होता, हिनं मास्तरांच्या हातापाया पडून त्याला सोडवून आणलं होतं. "हा बिनशेपटीचा उंदीर काहून आनला?" म्हणत मामाजींनी त्याच्या पाठीवर पेर टेकवलं मात्र, त्यानं असा खणखणीत 'कुईक' केला की मामाजी खूश झाले. "आवाज चांगला हाये," म्हणाले, आणि आकार बघून त्याचं नाव गडू ठेवलं. झालं, गडू घरचा झाला.

पुढच्याच वर्षी नणंदेनं कोर्टात लग्न केलं. मुलगा चिखल्याला मँगनीजच्या खाणीत सर्व्हेअर होता, शांत होता, शिकलेला होता, फक्त आपल्या जातीचा नव्हता. मामाजींनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून साऱ्या बाजारासमोर सांगितलं, "आजपासून मी तिचं नाव घेनार नाही. तिले कागद लिवनार नाही. तिच्या दारात पाय ठेवनार नाही." यजमानांनी हळूच विचारलं, "आन् गडू?" तेव्हा म्हणाले, "त्या मुक्या जिवानं काय केलं?" चिखला काही विलायतेत नाही. भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून दुसरी गाडी. सकाळी निघालं तर लेकीच्या हातचं जेवायला पोचावं एवढंच अंतर. ते अकरा वर्षांत कापलं गेलं नाही. मामाजी शब्दाचे पक्के होते. मला त्यांच्या त्या पक्केपणाचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

लग्नाच्या त्याच साली धान कापून झालं आणि थंडी पडली. आमच्याकडे कशालाही जपायचं म्हटलं की धानाच्या तणसात, म्हणजे वाळल्या पेंढ्यात, ठेवायचं. नवं वासरू तणसात, पाडाचे आंबे तणसात, परगावी जाणारी भांडीसुद्धा तणसात गुंडाळून. मामाजींनी कोंढ्याच्या आमच्या शेतावरून मुद्दाम नवं, करकरीत तणस आणवलं आणि गडूसाठी त्याचं वीतभर खोल घर केलं. तिसऱ्या दिवशी गडूचा उजवा डोळा मिटलेला. चौथ्या दिवशी उघडला तो दुधाळ निळा. तणसातलं एक कुसळ बुबुळात रुतलं होतं. मामाजी त्याला पंच्यात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात धावले. तिथल्या डॉक्टरांनी चिमट्यानं कुसळ काढलं, पण म्हणाले, जखम खोल आहे, डोळा काढावा लागेल, आणि एवढ्याशा जिवाला भूल द्यायची सोय माझ्याकडे नाही. "डाक्टरसाहेब," मामाजी म्हणाले, "पोचा आला म्हनून आमी पान्याचा गुंड फेकत नाही." डॉक्टर भले होते. म्हणाले, "मग यातलं ज्याला कळतं त्याला विचारा."

यातलं जिला कळत होतं ती चिखल्याला होती. मामाजी संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर बसून राहिले, जेवले नाहीत. "मीच टोचलं त्याले," एवढंच दोनदा म्हणाले. मग मला हाक मारली. "सूनबाई, तुले लिवता येते ना? एक कार्ड लिव." मी चाचरत म्हटलं, "पण मामाजी, तुमची शपथ?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच सांध्याचा गंज. "मी कुठं लिवून राहिलो? लिवून तर तू राहिली."

तेव्हापासून दर सोमवारी कार्ड जाऊ लागलं. नाव नाही, आशीर्वाद नाही, क्षेमकुशल नाही, कारण ते सगळं बोलण्यात जमा झालं असतं. थेट सुरुवात: 'डोळा कालच्यापेक्षा लाल. पाणी येते. संभाराच्या दोन काड्या खाल्ल्या. काकडी नाकारली.' संभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. चार दिवसांनी तिकडून उत्तर: 'तणस ताबडतोब काढणे. मऊ कापड घालणे. बोरिकच्या पाण्याने धुऊन माणसांचेच डोळ्याचे मलम दिवसातून चारदा. उजेड टाळणे. आवळा देणे.' तीही बापाचीच लेक, एक शब्द जास्त नाही. यजमान म्हणायचे, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते हे असं. पण हळू आवाजात म्हणायचे.

त्यानंतर मामाजींनी जी शुश्रूषा केली तिला तोड नाही. दुकानातलं सर्वांत मोठं गंगाळ उतरवलं, त्यात स्वतःची जुनी मऊ धोतरं अंथरली आणि गडूला आपल्या बैठकीशेजारी ठेवलं. मलम आधी स्वतःच्या डोळ्यात घालून बघत, झोंबलं नाही तर गडूला. त्यामुळे दिवसातून चार वेळा दोघेही एकेक डोळा मिचकावत बसलेले. भांड्यांची चकाकी त्याच्या डोळ्याला सोसत नाही असं वाटलं म्हणून चिंच-राखेनं भांडी घासणं बंद केलं. सगळ्या बाजारात पितळ सोन्यासारखं झळकायचं आणि आमच्या दुकानात ते काळवंडून बसायचं. गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारायचं, "काय जी, दुकान बंद करून राहिले का?" हे म्हणायचे, "पेशंट हाये घरात. बोलनं हळू." कोंढ्याला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. एसटीत कंडक्टरनं पिशवीत काय आहे विचारलं, तर त्यांनी मलमाची वेळ सांगितली. मांडवात मंगलाष्टकं चालू असतानाच ती वेळ झाली. मामाजींनी अक्षता माझ्या हातात ओतल्या, वऱ्हाडाच्या मधोमध मांडी घातली आणि गडूला मांडीवर घेतलं. भटजींनी एक मंगलाष्टक जास्तीचं म्हटलं, पण घाई केली नाही.

आणि त्या कार्डांत हळूहळू काय काय शिरू लागलं. एकदा तिकडून आलं: 'उन्हात नेऊ नये. माणसांनीही टोपीशिवाय उन्हात जाऊ नये.' मामाजींनी मला ते दोनदा वाचायला लावलं. "हे कोनासाठी लिवलं?" मी म्हटलं, "गडूसाठीच असेल." "गडू टोपी घालते काय?" असं गुरकावले, आणि दुसऱ्या दिवसापासून टोपी घालू लागले. पुढच्या सोमवारी मला म्हणाले, "लिव, तिकडं खानीची धूळ फार. डोळ्यात जाऊ देऊ नये." मी विचारलं, "कोणाच्या?" "तू लिव ना," म्हणाले आणि गडूची पाठ कुरवाळत राहिले.

उन्हाळा सरता सरता डोळा बरा झाला. नजर गेली, बुबुळावर पांढरं फूल राहिलं, पण दुखणं थांबलं, पाणी थांबलं. गडू एका डोळ्यानं जग बघत काकडी खाऊ लागला. गुरांचे डॉक्टर स्वतः दुकानात येऊन बघून गेले आणि म्हणाले, आता औषधाची गरज नाही. सोमवारी मी आनंदानं कार्ड घेऊन बसले. 'डोळा बरा,' एवढं लिहिणार तोच मामाजी म्हणाले, "लिव, अजून पानी येते." मी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. ते गंगाळाकडे पाहत होते. मी लिहिलं, अजून पाणी येते. तिकडून उत्तर आलं, मलम चालू ठेवणे.

तीन वर्षांनी, असाच थंडीचा, गडू गेला. म्हातारा होऊन, काही त्रास न देता गेला. मामाजींनी त्याला परसात पेरूखाली पुरलं आणि गंगाळ तसंच बैठकीशेजारी ठेवलं. पुढच्या सोमवारी मला वाटलं, आता हे सांगावंच लागणार. त्यांनी हाक मारली. "लिव. डोळा पहिल्यासारखाच." माझा हात चालेना. तेव्हा, शपथ घेतल्यापासून पहिल्यांदाच, ते माझ्याशी विनवणीच्या सुरात बोलले. "लिव ना, बाई." मी लिहिलं. पुढं सात वर्षं मी दर सोमवारी मेलेल्या गिनीपिगच्या डोळ्याची खबर लिहीत होते, आणि सात वर्षं दर शुक्रवारी चिखल्याहून त्याला औषध येत होतं. यजमान म्हणायचे, सरकारी कार्डावर धडधडीत खोटं लिहितेस. मला त्याची एक दिवसही लाज वाटली नाही.

मग मामाजींनाच मोतीबिंदू झाला. चांगल्या भांड्याला ठोकून सांधा सांगणारा माणूस दाराच्या चौकटीला धडकू लागला. डोळ्यांच्या शिबिरात ऑपरेशन ठरलं, तरी सोमवारचं कार्ड तेच: पहिल्यासारखाच. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या मनानं लिहिलं. 'ताई, गडू जाऊन सात वर्षं झाली. मामाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. त्यांना आता नीट दिसत नाही. तुमची वाट बघतात, सांगत नाहीत. या.' कार्ड मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं. मामाजींना कळलं असतं तर त्यांनी माझंही नाव टाकलं असतं.

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला ती आली. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. माझ्याशीही न बोलता तिनं हातपाय धुतले, माझ्या हातातली औषधाची बाटली घेतली आणि खाटेशी गेली. मामाजींच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धूसर. तिनं पट्टी सोडवली, हनुवटी धरून मान वर केली आणि थेंब सोडले. मामाजींनी ते पापणीआड मुरू दिले. मग म्हणाले, "गडू गेला, बेटा."

"मले माहीत हाये, बाबा."

"कवापासून?"

"तवाच समजलं. त्यानं काय खाल्लं ते तुमी लिवनं बंद केलं ना."

मामाजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मंग औषध काहून लिवत होती?"

"तुमचं कार्ड येऊन राहिलं होतं ना."

त्यांनी चाचपडत तिचा हात धरला आणि तिला तिच्या नावानं हाक मारली. एकदा मारली, आणि मग अकरा वर्षांची राहिलेली असावी तशी मारतच राहिले. मी चहाच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीपाशी तोंडात पदर धरून रडले.

मामाजी त्यानंतर दीड वर्ष होते. दोनदा चिखल्याला जाऊन आले, जावयाचं घर पायरीपासून ठोकून बघितलं आणि चांगलं बांधलंय म्हणाले. आता दुकान नाही, गंगाळ माझ्याकडे आहे, यजमानही गेले. नणंद मुलाकडे जबलपूरला असते, फोन करते. मागे माझा गुडघा फार धरला होता, तेव्हा तिनं कुठलं तरी तेल सांगितलं आणि त्यानं तो महिन्याभरात साफ बरा झाला. ती दर रविवारी विचारते, "वहिनी, गुडघा कसा आहे?" मी सांगते, अजून दुखतो. ती पुन्हा तेच तेल सांगते, आणि मी नव्यानं ऐकल्यासारखं लिहून घेते.