पंख्याचं तोंड

कुणी वेल्डिंग करत असलं की मामा त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. "भजी तळल्यागत वाजलं की जोड पक्का," म्हणायचे. मग मला हाक मारायचे, "ताई, ह्ये पास करा." मी वाळूजच्या कारखान्यात तपासनीस, मामा तिथले सगळ्यात जुने वेल्डर. मोजून, ठोकून, कापून मी दुपारी ज्या निकालाला यायची, तो मामांनी सकाळीच सांगितलेला असायचा. असा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेल.

मग नवी मशीनं आली. वेल्डिंगचा रॉड गेला, त्या जागी तारेचं रीळ आलं, आणि वितळत्या जोडावर हवा लागू नये म्हणून गॅसचं पांघरूण. सारखं थांबून रॉड बदलणं संपलं, वरची खपली ठोकून काढणं संपलं. काम भराभर व्हायचं आणि जोड खरंच सुरेख यायचा, खोटं कशाला बोलू? आवाज मात्र बारीक झाला.

"ही तर गुणगुणतीय ताई," मामा डोळे उघडून म्हणाले. "भजी कुठंयत?"

पण महिनाभरात ती गुणगुणही त्यांच्या कानात बसली. आता नव्या मशीनवरची त्यांची चाचणी तेवढी राहिली होती. ती एकदाच व्हायची. नापास झालेला वेल्डर ग्राइंडिंगला जायचा, म्हणजे दुसऱ्यांचे जोड घासत बसायचा.

चाचणी मे महिन्यातल्या दुपारी होती. पत्र्याची शेड तापलेली आणि माझी सलग दुसरी पाळी. रॉडच्या काळात वेल्डर कामाला बसला की जवळच्यानं पंख्याचं तोंड त्याच्याकडे करायचं, ही आमची रीत. मामांच्या मानेवरून घाम गळताना दिसला आणि माझा हात आपसूक पंख्याकडे गेला. वाऱ्यानं गॅस उडून जातो, हे परीक्षेत लिहून पास झालेली बाई मी.

तुकडा कापला तर आत ढोकळ्यासारखी भोकं. मी पंख्याकडे बघितलं.

"मामा, वारा लागला. मी सांगते साहेबांना."

"नाय सांगायचं. वारा लागला तवाच कळलं व्हतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

ते रुमालानं मान पुसत राहिले. "एवढ्या मायेनं फिरवला तुम्ही. बंद करा कसं म्हणावं?"

अहवालात कारणापुढे मी 'वेल्डरच्या हाताची चूक' लिहिलं. मामांनीच अडवलं म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

नव्या जोडांवर घासण्यासारखं फारसं उरत नसे. मामा ग्राइंडिंगच्या स्टुलावर डोळे मिटून बसायचे. मधेच म्हणायचे, "ताई, तिसऱ्या मशीनचा गॅस कमी पडतोय." बघावं तर खरंच कमी असायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आलेच नाहीत. त्यांचं घर लासूर स्टेशनला, काही लांब नाही. मी गेले नाही. जाऊन काय बोलणार होते?

अजूनही शेडमध्ये शिरले की मी आधी पंख्याचं तोंड भिंतीकडे करते. परवा एक नवा वेल्डर म्हणाला, "मॅडम, जरा इकडं फिरवा की. लई उकडतंय."

"नाही," मी म्हणाले.

तो कामाला बसला. त्याच्या मानेवरून घाम गळत होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले.