झारीचा दिवा

आमच्या जुन्या गाडीत स्टेअरिंगमागे लागणाऱ्या दिव्यांना बाबांनी स्वतःच नावं दिली होती. इंजिनाचं पिवळं चित्र म्हणजे मोटरपंप. टायरच्या हवेचं चित्र म्हणजे कढई. आणि लांब चोचीतून एक थेंब गळणारं लाल चित्र म्हणजे झारी. वलगावजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांग्या-टमाट्याच्या रोपांना जन्मभर झारीनं पाणी घातलेल्या माणसाला त्यात दुसरं काय दिसणार? मलाही झारीच दिसली.

गाडी घेतली ती आईसाठी. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. अमरावतीत तेव्हा डायलिसिसची पाळी मिळेना, अकोल्यात मिळाली, म्हणून आठवड्यातून दोनदा अकोला. बाबा चालवायचे आणि मी मागे आईजवळ बसायची. जास्त झालेलं पाणी अंगातच साठून छातीत चढतं, म्हणून तिला बाटलीच्या झाकणानं पाणी मोजून द्यायचं काम माझं होतं, आणि ते मला अजिबात आवडत नव्हतं. वऱ्हाडातला उन्हाळा, आणि घरच्याच बाईला घोटासाठी नाही म्हणायचं.

झारी पहिल्यांदा लागली तेव्हा बाबांनी गाडी बाजूला घेतली. "पाणी मांगून रायली," म्हणाले, आणि इंजिन निवल्यावर रेडिएटरमध्ये कॅननं पाणी घातलं. मावलं थोडंसंच. पण गाडी सुरू केली तर दिवा गायब. झालं, बाबांनी सुतावरून स्वर्ग गाठला. तेव्हापासून झारी दिसली की थांबायचं, पाणी घालायचं, पुढे निघायचं. डिकीत कॅन कायम भरलेली. बाबांनी ती खाली उतरवली की आई मान वळवून कॅनकडे बघत राहायची.

त्या दिवशी सकाळपासूनच आईला दम लागत होता, पाय सुजले होते. मूर्तिजापूर मागे पडलं आणि झारी लागली. उशीर नको म्हणून या वेळी बाबा थांबले नाहीत. "पोचल्यावर पाजू तिले," म्हणाले. थोड्या वेळानं इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला, आणि गाडी एकदम जागेवर बसली.

मागून येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं बॉनेट उघडून आतली पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. "काका, ऑइलचा थेंब नाई याच्यात. हा दिवा ऑइलचा असते. लाल लागला का जागीच बंद करा लागते." बाबा कॅन हातात धरून तसेच उभे राहिले.

आईला आम्ही निंबाच्या सावलीत बसवलं. तिनं पाणी मागितलं. मी झाकणभर दिलं. तिनं ते संपवलं आणि माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं.

"गाडीनं मांगलं का लगेच देता तुमी," ती म्हणाली. "मंग मले काहून नाई?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच उत्तर हवं असल्यासारखं तिनं विचारलं होतं. बाबांनी हातातली कॅन खाली टेकवली. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एक दिवा कशाचा आहे हे कोणाला तरी विचारायला काय झालं होतं? त्या रागातच मी ट्रकमध्ये चढले आणि दुसरी गाडी आणायला पुढच्या गावात गेले.

लगीनसराई होती. दारोदार फिरले तरी गाडी मिळेना. शेवटी एका भाजीवाल्याचा छोटा टेम्पो मिळाला. परत आले तेव्हा आई बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा इतका निवांत पाहिला नव्हता. सावलीत जरा पडल्यानं बरं वाटलं असेल, असं मला वाटलं. टेम्पो निघाल्यावर तिच्या छातीत घरघर सुरू झाली आणि अकोल्यापर्यंत वाढतच गेली.

त्या दवाखान्यातून आई घरी आली नाही. तिला आत नेताना डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पाणी किती घेतलंय. मी म्हणाले, झाकणभर.

बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "मांगलं तेवढं देलं मी तिले."