हसतमुख

बालगृहातल्या मुलांना बाईंचं नाव ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना परिचयवाल्या बाई म्हणत. ज्या मुलांना घर हवं होतं, त्यांचा एक पानी परिचय लिहायचा, हे त्यांचं काम. मूल दत्तक घ्यायला आलेली माणसं आधी ते पान वाचत आणि मन धजलं, तरच मूल बघायला मागत.

नवरा गेल्यावर त्या इथे टायपिंगला लागल्या होत्या. घरी त्या आणि सासू, दोघीच. सासूला दिसेनासं झाल्यापासून बाई रोज संध्याकाळी त्यांना वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या वाचून दाखवत. त्यातून गोड गोड शब्दांचा चांगलाच साठा झाला होता. पूर्वीच्या लिपिक रजेवर असताना बाईंनी एका मुलीचा परिचय लिहिला आणि थोड्याच दिवसांत तिला घर मिळालं. अधीक्षिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या मॅडम, म्हणाल्या की तुमच्या हाताला गुण आहे. मग ते काम बाईंच्याच गळ्यात पडलं.

हळूहळू त्यांचा हात बसला. लाघवी, गुणी, समंजस, चुणचुणीत. मूल समोर नसलं तरी चाले. वय आणि फोटो पुढे असला की पान भरून होई. एकदा कौतुकाने त्यांनी असं एक पान सासूला वाचून दाखवलं.

"हे पोराचं वर्णन आहे की साबणाचं?" सासू म्हणाल्या.

सासूची जीभ तिखटच होती आणि बाई सहसा मनाला लावून घेत नसत. पण हे लागलं. दोन दिवस घरात अबोला होता. लिहिण्यात मात्र त्यांनी काही बदल केला नाही.

मग एका सात वर्षांच्या मुलाचा परिचय लिहायची वेळ आली. फोटोत त्याचे ओठ फाकलेले होते. खरं तर डोळ्यांवर ऊन आल्यामुळे त्याने तोंड वाकडं केलं होतं, पण बाईंना ते हसू वाटलं. त्यांनी लिहिलं, 'हसतमुख, बोलका, कुणातही चटकन मिसळणारा.' ते पान एका रंगाच्या दुकानदाराने आणि त्याच्या बायकोने वाचलं. त्यांचा एकुलता एक मुलगा आजारात गेला होता. पहिल्या शब्दापाशीच बायकोचे डोळे भरून आले, आणि ती दोघं मुलाला घेऊन गेली.

पाच महिन्यांनी ते गृहस्थ त्याला परत घेऊन आले. बायको गाडीतून उतरलीच नाही. मुलगा बाहेरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसला होता आणि कार्यालयाचं दार उघडंच राहिलं होतं.

"आम्ही वाईट माणसं नाही हो," गृहस्थ म्हणाले. त्यांनी ते पान टेबलावर ठेवलं. घड्या घालून घालून ते दुमडींवर फाटायला आलं होतं. "आमच्या घरात आधीच कुणी हसत नव्हतं. इथे लिहिलंय हसतमुख. आम्ही रोज वाट बघितली. बायको तर त्याच्या तोंडाकडेच बघत बसायची. शेवटी तो ताटावरही येईना."

मोठ्या मॅडमनी कुणालाच बोल लावला नाही. मुलाची खाट पुन्हा लावून दिली. त्या दिवसापासून मुलं त्याला 'रिटर्न' म्हणू लागली आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

त्या संध्याकाळी बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. त्यांनी सासूला सगळं सांगितलं. सासू टोमणा मारतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मारला नाही.

"तू मला वाचून दाखवतेस ना," सासू म्हणाल्या, "त्यात कुणी फार दयाळू होता असं आलं की माझा डोळा लागतो. तो काय करतो ते आलं की मी जागी होते. तुला माहीत आहे का ते पोर काय करतं?"

बाईंना माहीत नव्हतं.

त्या मुलांच्या झोपायच्या खोलीत जाऊन बसू लागल्या. बटणं लावायचं निमित्त करायच्या आणि बघत राहायच्या. जे दिसलं ते काही गोंडस नव्हतं. मुलगा जेवताना ताटाभोवती हाताचं कुंपण करी. पिशवी त्याने अजून उघडली नव्हती. तिला हात लावला म्हणून त्याने एकाचं नाक फोडलं. तो बूट घालूनच झोपे. पण जेवणघराचं स्प्रिंगचं दार फार जोरात मिटायचं, बारक्यांची बोटं सापडायची, तर शेवटचं मूल आत जाईपर्यंत तो पाठ लावून ते दार अडवून धरी. आपण काही करतोय असं तोंडावर दिसूही देत नसे. शेजारच्या खाटेवरचं चार वर्षांचं पोर अंथरूण ओलं करायचं आणि सांभाळणाऱ्या मावशी सगळ्यांसमोर त्याचा उद्धार करायच्या. बाई एकदोनदा पहाटेच आल्या तेव्हा दिसलं, हा मावशी यायच्या आत उठून आपली कोरडी चादर त्याच्या खाटेवर घालायचा, त्याची ओली आपल्या खाटेवर ओढायचा आणि मग मावशींची बोलणी खात उभा राहायचा.

बाईंनी नव्याने लिहिलं. 'हा मुलगा सहसा हसत नाही,' अशी सुरुवात केली. कुंपण, बूट, फुटलेलं नाक, दार, चादर, सगळं जसंच्या तसं. गुणी नाही, समंजस नाही, असला एकही शब्द नाही. चादरीची ओळ त्यांनी स्वतःच पुन्हा पुन्हा वाचली. इतकं चांगलं त्यांच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

आणि का कोण जाणे, पान मॅडमकडे देण्याआधी त्यांनी मुलाला बोलावून वाचून दाखवलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

"चादरीचं काढा," तो म्हणाला.

"का रे? तेच तर सगळ्यात चांगलं आहे."

"तो ओळखेल. हे बाहेर फलकावर लागतं, सगळे वाचतात. त्याला हसतील."

बाईंनी ती ओळ खोडली. मग विचारलं, "आणि नाक फोडलंस ते? तेही काढू?"

"ते राहू द्या. नंतर कळतंच."

मोठ्या मॅडमनी पान वाचून चष्मा काढला. असं वाचून कोण घेईल याला, असं त्यांनी सरळ विचारलं. बाई म्हणाल्या की जो घेईल तो परत आणणार नाही. मॅडमनी सुस्कारा सोडून सही केली.

कुणीच घेतलं नाही. माणसं पान उचलत, अर्ध्यावर आली की हळूच खाली ठेवत. एक तरुण स्त्री मात्र शेवटपर्यंत वाचून खूप रडली आणि तान्हं बाळ घेऊन गेली. ती खोडलेली ओळ असती तर काय झालं असतं, हा विचार बाईंचा पिच्छा सोडत नसे. पण ती पुन्हा लिहावी असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

बारा वर्षांचा झाल्यावर नियमाप्रमाणे त्याला मोठ्या मुलांच्या संस्थेत, दुसऱ्या गावी पाठवायचं ठरलं. पोहोचवायला बाई स्वतः गेल्या. बसमध्ये त्यांनी विचारलं, "तिथे विचारतील, मुलगा कसा आहे म्हणून. काय सांगू?"

"नाव सांगा," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "बाकी दिसेल त्यांना."

वर्षभराने त्या भेटायला गेल्या. तो शाळेच्या शिबिराला गेला होता, भेट झाली नाही. तिथल्या रखवालदाराने सांगितलं, "त्याचा काही त्रास नाही हो." परतीच्या वाटेवर बाई ते वाक्य मनात घोळवत राहिल्या. खोटं त्यात काही नव्हतं, आणि माणूसही कुठे नव्हता. पुढे तो संस्थेतून बाहेर पडला. एका मालगोदामात लागला असं कानावर आलं. त्यानंतर काहीच कळलं नाही.

बाई तसंच लिहीत राहिल्या. आधी मुलाजवळ बसायचं, लिहायचं, मग त्याला वाचून दाखवायचं. मूल काढ म्हणालं तर काढायचं. त्यांच्या पानांवरून कमी मुलं गेली, पण गेलेली बहुतेक परत आली नाहीत. विश्वस्तांच्या बैठकीत त्यातलं पहिलं तेवढं बोललं जाई. अखेर परिचयाचं काम एका जाहिरात कंपनीला दिलं गेलं आणि भिंतीवरच्या फलकावर पुन्हा लाघवी, गोड, चुणचुणीत मुलं झळकू लागली. बाईंची बदली कपड्यांच्या कोठीत झाली. सासू त्याच वर्षी गेल्या. संध्याकाळी वाचायला पुस्तक होतं, ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून बाईंनी वाचनालयाचं कार्ड बंद केलं.

कोठीत मुलं स्वेटर घ्यायला येत. एखादं मूल तोंडाने काही बोलत नसे, नुसती बाही ओढत राही. बाई तो स्वेटर काढून घेत, दुसरा पुढे करत आणि ते बाही ओढायचं थांबतं का ते बघत. थांबलं नाही तर तिसरा काढत. रांग खोळंबली म्हणून मागून मावशी ओरडत, पण ओढणं थांबल्यावरच बाई पुढच्या मुलाला हाक मारत.