टिटवी वाचणारी सातुर्निना

कोतापाता गावात सातुर्निना लिमाचीएवढी खोटारडी बाई दुसरी नव्हती. हे तिच्या तोंडावर सांगितलं तरी तिला राग यायचा नाही. डोक्यावरची गोल टोपी सरळ करून ती विचारायची, "कुठलं खोटं पकडलंत? तेवढं सांगा, दुरुस्त करते." तिचं वय दरवर्षी एकानं कमी व्हायचं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण तो कसा गेला याच्या चार हकिकती होत्या. दोन हकिकतींत त्याच्यावर वीज पडायची, तिसरीत सरोवरात होडी उलटायची आणि चौथीत तो मेलेलाच नव्हता, समुद्रकाठच्या शहरात दुसरी बायको करून मजेत होता. ऐकणारा कोण आहे ते बघून ती हकिकत निवडायची. विधवा समोर असली की वीज, नवऱ्याला कंटाळलेली असली की दुसरी बायको.

फक्त एका गोष्टीबद्दल तिच्या जिभेवर खोटं येत नसे, आणि ती म्हणजे टिटवीचं घरटं.

ऑक्टोबरात, बटाट्याच्या लागवडीच्या तोंडावर, टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. उंच वरंब्यावर घातली तर पाऊस धो धो येणार. मग बटाटा टेकडीवर लावायचा, खाली सरोवराकाठच्या सपाटीवर तो कुजतो. टिटवी खाली सरीत, ओल धरून बसली तर पाऊस हात आखडणार. मग बटाटा सपाटीवर, वर तो वाळून जातो. गाव दरवर्षी एकाच बाजूला मिळून लावतं आणि बियाणं एकदाच असतं. बाजू चुकली की पुढचं वर्षभर रिकाम्या मडक्यात डोकावायचं.

राजधानीतून जीपमधून येणारे साहेब याला अडाणीपणा म्हणतात. म्हणोत. साहेबांचा बटाटा बाजारात उगवतो, त्याला पावसाशी काय करायचंय? टिटवीची पोरं जमिनीवर, पाणी चढलं की आधी ती बुडणार, तेव्हा पाण्याची काळजी तिच्याइतकी कोण करील? शिवाय तिच्या शेताची ना वर पट्टी, ना खाली. सभेत तिला कुणाची जिरवायची नसते. गावात असं निःपक्ष कुणी दाखवा, आम्ही त्याचं ऐकू.

घरटं शोधायचं आणि सभेत सांगायचं हे काम सातुर्निनाकडे आईकडून आलं होतं. छत्तीस वर्षं ती सांगत होती आणि गाव लावत होतं.

यात खोडा होता फोर्तुनातो युह्रा. त्याच्याकडे गावातला एकुलता एक ट्रॅक्टर होता आणि तो ट्रॅक्टर टेकडी चढत नसे. म्हणजे टिटवी वर बसली की फोर्तुनातो घरी बसायचा. गेल्या वर्षी भर सभेत तो म्हणाला होता, "मावशी, माझ्या फोनमध्ये पाऊस दिसतो. तुमच्या टिटवीला जरा आराम द्या." त्याच आठवड्यात फोनमध्ये लख्ख ऊन असताना गारा पडल्या आणि ट्रॅक्टरची काच फुटली. सातुर्निना तेव्हा पाच दिवस रोज त्याच्या दारावरून गेली. काम काही नव्हतं. नुसतं काचेकडे बघून "अरेरे" म्हणायला.

यंदा मात्र फजितीची पाळी तिच्यावर आली. नऊ दिवस टेकडी पालथी घातली, घरटं काही दिसेना. कोवळ्या चाऱ्यासाठी लोक गवत पेटवत होते, मोकाट कुत्री वाढली होती, टिटव्या कमी झाल्या होत्या हे खरं. पण सगळं खरं नव्हे. सातुर्निना खाली सपाटीवर धड गेलीच नव्हती. तिथे फोर्तुनातोची पट्टी, फोर्तुनातोचा कुत्रा आणि शिवाय खुद्द फोर्तुनातो. तिकडून टिटवीचा आवाज आला तरी ती स्वतःशी म्हणायची, "वाट चुकली असेल."

रविवारी सभा. शनिवारी सकाळपर्यंत हात रिकामे. "मला सापडलं नाही" हे तीन शब्द तिनं चुलीसमोर बसून म्हणून बघितले. जमलं नाही. मग तिनं तलंगीची चार लहान अंडी घेतली, कांद्याच्या सालीत उकडून मळकट तपकिरी केली, लामाच्या चरबीत काजळी कालवून काडीनं ठिपके दिले. काम इतकं झकास झालं की क्षणभर ती स्वतःच फसली. अंडी टोपीत घालून ती टेकडीवर गेली आणि मेंढवाड्याच्या वरच्या वरंब्यावर, टोकं आत करून, मांडून आली.

सभा शाळेच्या अंगणात भरली. यंदाचा कारभारी सेलेदोनिओ चाम्बिया मानाची खूण म्हणून खांद्यावर आसूड घालून मधोमध बसला होता. चघळायला कोकाची पानं फिरली आणि त्यानं बाईंना मानाचं 'दोन्या' लावून विचारलं, "बोला दोन्या सातुर्निना, टिटवी काय म्हणते?"

"वर आहे. मेंढवाड्याच्या वरंब्यावर."

लोक माना डोलावतायत तोच फोर्तुनातो उठला. "घरटं मलापण सापडलंय. खाली, सपाटीवर."

"तुला?" सातुर्निना म्हणाली. "डोक्यावरची टोपी शोधायला तुला बायको लागते!"

"या खेपेला बायको नव्हती, मावशी. एकट्यानं शोधलं."

दोन घरटी, दोन बाजू. सेलेदोनिओनं दाढी खाजवली आणि सगळ्यांना उठवलं. साठ माणसं आधी टेकडी चढली. वरंब्यावर चार अंडी ऐटीत बसली होती. लोक वाकून बघत होते. फोर्तुनातो जरा जास्तच वाकला. नाक फुरफुरलं.

"मावशी, या टिटवीनं कांदा खाल्लेला दिसतो."

"टिटवीच्या अंड्याला कसला वास येतो ते तुला काय ठाऊक? आजवर किती हुंगलीस?"

लोक हसले. फोर्तुनातो मागे सरकला, पण सातुर्निनाच्या मानेवर घाम आला.

मग सगळे खाली उतरले. फोर्तुनातोच्या घरट्यातली अंडी पाहताच तिच्या जिवात जीव आला. ठिपके सगळे एका मापाचे, एकाच बोटानं टेकवल्यासारखे. टोकं चार दिशांना. तिनं एकाला हात लावला, बोट काळं झालं, डिझेलचा वास आला. ओरडायला तिनं तोंड उघडलं आणि समोर फोर्तुनातो तिच्याकडे बघत होता. नुसता बघत होता. तिनं तोंड मिटलं.

"काय मावशी? आहेत ना खरी?"

"आहेत की. माझ्याइतकीच खरी."

दोघं एकमेकांकडे बघून गोड हसले. गावाला काही कळेना. अशी कधी ही दोघं गोड हसतात?

तेवढ्यात लोरेन्सा पोमा पुढे आली. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, डोळ्यांत मोतीबिंदू, काठी टेकत दोन्ही ठिकाणी मागून आलेली. "मला दिसत नाही," ती म्हणाली, "पण ऐकू येतं. दोन घरटी झाली. साठ माणसं अंड्यांवर पडली. मग आपल्याला शिव्या कुणीच का देत नाही?"

वारा तेवढा वाजत होता. टिटवी घरट्याच्या वाटेनं कोल्हा गेला तरी त्याला शिव्या घालते आणि पाद्री गेला तरी. आणि इथे अवघं गाव उभं होतं आणि आभाळ मुकं होतं. माना हळूहळू सातुर्निनाकडे वळल्या.

"माझी तलंगीची आहेत," ती म्हणाली. "कांद्याच्या सालीत उकडलेली."

"उकडलेली?" सेलेदोनिओनं विचारलं.

"वाया नकोत जायला."

हशा पिकला. फोर्तुनातोचा हशा सगळ्यांत मोठा. "बघा! माझी मात्र…" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत लोरेन्सानं चाचपत काठीचं टोक त्याच्या अंड्यावर टेकवलं. अंडं फुटलं, डिझेलमाखल्या टरफलातून घरच्या कोंबडीचा पिवळाधमक बलक वाहिला. त्याची बायको दुरून किंचाळली, "तरी म्हटलं खुराड्यातली चार गेली कुठे!"

सेलेदोनिओ मात्र हसत नव्हता. "दोन्या सातुर्निना, तुमच्या शब्दावर आम्ही उद्या सगळं बियाणं मातीत घातलं असतं."

तिनं टोपी सरळ करायला हात नेला आणि तसाच खाली आणला. "मला सापडलं नाही," ती म्हणाली, आणि ते तीन शब्द इतके हळू आले की लोरेन्सानं "काय म्हणते ही?" असं विचारलं आणि तिला ते पुन्हा म्हणावे लागले, मोठ्यानं.

मग सेलेदोनिओनं गावाला एका रांगेत उभं केलं. हात लांब करून बोटं भिडतील एवढ्या अंतरानं, टेकडीच्या पायथ्यापासून थेट खालच्या पाटापर्यंत. पाटाचा चिखल सातुर्निनाच्या वाट्याला आला, शिक्षा म्हणून. शेजारी फोर्तुनातो, तोही शिक्षा म्हणून. ऊन डोक्यावर होतं. रांग पुढे सरकायला लागली, कुणी बोलत नव्हतं. शिव्या खायला एवढं आतुर झालेलं गाव सातुर्निनानं कधी पाहिलं नव्हतं.

फोर्तुनातोचा बूट चिखलात रुतला, तो मागे राहिला. ती पुढे गेली. आणि दहा पावलांवर गवत हललं. एक टिटवी मान खाली घालून, पाठ वाकवून, चोरासारखी पळाली. आवाज नाही. पळत पळत ती पायथ्यापर्यंत गेली, चढाला लागली, तिथे उसळली आणि मग तिनं तोंड सोडलं. लेके-लेके, लेके-लेके, लेके! लोकांच्या डोक्यांवर झेपा घेतल्या, खाली पडली, पंख मोडल्यागत फरफटत वर निघाली.

"वर! टेकडीवर!" रांग मोडली. आयाबाया घागरे सावरत, म्हातारे धापा टाकत, सगळे तिच्यामागे.

सेलेदोनिओ वरून ओरडला, "दोन्या सातुर्निना! चुकून खरं बोललात की!"

फोर्तुनातो एक बूट हातात घेऊन चिखलातच बसला. तोंड आंबट झालं होतं.

सातुर्निना जागची हलली नाही. टिटवी जिथे ओरडते तिथे काही नसतं, हे तिला आईनं चालायला शिकवतानाच शिकवलं होतं. जिथून ती मुकाट उठते तिथे बघायचं. दहा पावलं पुढे, सरीच्या तळाशी, ओलीच्या कडेला चार अंडी होती. टोकं आत, शेवाळी रंग, शाई शिंपडल्यासारखे ठिपके. हात न लावताच ऊब कळत होती.

खाली. पाऊस कमी. सपाटी. ट्रॅक्टर.

वर टेकडीवर टिटवी जीव तोडून खोटं बोलत होती आणि साठ माणसं तिच्यामागे धावत होती. एवढं देखणं खोटं मोडायचं सातुर्निनाच्या जिवावर आलं. तिला तर खोटं बोलायचंसुद्धा नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. टेकडी जिंकली असती, फोर्तुनातोचा ट्रॅक्टर वर्षभर कोंबड्यांना बसायला झाला असता, आणि सकाळची सगळी शोभा संध्याकाळपर्यंत गावाच्या लक्षातून गेली असती.

पण त्या टिटवीबाईनं जगाला फसवलं होतं, पोरांना नाही. पोरं कुठे ठेवायची ते तिनं खरंखुरं ठरवलं होतं.

"फोर्तुनातो, ऊठ. बसल्या जागी मुळं फुटतील."

"आता काय राहिलं, मावशी? जिंकलात ना?"

"इकडे ये. बूट राहू दे."

तो एका पायावर लंगडत आला. बघत राहिला. मग टेकडीकडे बघितलं, मग तिच्याकडे. आवाज खाली आणून म्हणाला, "हे खालचं आहे."

"दिसतंय मला."

"कुणी बघितलं नाहीये."

"तू काय कुणी नाहीस का?"

तिनं टोपी काढून हवेत फिरवली आणि टेकडी दणाणेल अशी हाक मारली. "या खाली! घरटं इथे आहे, सपाटीवर!"

"पुन्हा खोटं का?" वरून सेलेदोनिओ.

"खोटं बोलायचं असतं तर या मुडद्याच्या फायद्याचं बोलले असते का रे?"

वर धावणारी माणसं थांबली. गावानं यावर विचार केला आणि यात त्याला तोड सापडेना. एकेक माणूस उतरायला लागला. टिटवीला आपला डाव फसल्याचं कळलं, मोडलेला पंख तिनं झटक्यात सरळ केला आणि साठच्या साठ टाळकी मोजून घेतल्यासारख्या शिव्या देत ती त्यांच्यावरून खाली आली.

बियाणं सपाटीवर लावायचं ठरलं. त्या संध्याकाळी फोर्तुनातो ट्रॅक्टर पुसत असताना सातुर्निना त्याला घेऊन घरट्याशी गेली. लांबूनच.

"इथून वीस पावलं चाक यायचं नाही. पिल्लं निघेपर्यंत. आणि कुत्रा बांधायचा."

"मावशी, वीस पावलं म्हणजे माझी अर्धी पट्टी! दहा पुरे."

"तीस."

"आत्ता वीस म्हणालात!"

"चाळीस."

फोर्तुनातो हद्द आखायला दगड गोळा करू लागला.