खरपूस की करपट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर मी बिअरच्या कारखान्यात आहे हेही माहीत नाही – तिच्या लेखी मी सरबतांच्या कंपनीत. पण ते खोटं लहान. हे दुसरं.

पावण्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना. बिअर बनवतात दत्ताकाका. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कृतीने बनवल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःची बनवली – एल जातीची, गडद तपकिरी बिअर. मालक स्वतः पीत नाहीत. ते फक्त चवीचा कागद वाचतात आणि त्यावरून बिअर ठेवायची की टाकायची ते ठरवतात. कागद इंग्रजीत, लिहायची मी, खाली दोघांची सही. काकांना इंग्रजी वाचता येत नाही, हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. इतरांपुढे म्हणायचे, चष्मा विसरलो.

चव घ्यायला मला त्यांनीच शिकवलं. ग्लास तळहातात धरायचा, थंडपणा गेला की वास उघडतो. एकदा एका बिअरमध्ये काहीतरी भाजल्यासारखं लागलं, पण मला शब्द येईना. मी हळूच विचारलं. "खरपूस," ते म्हणाले. "वाटणाचं खोबरं भाजतो ना, तसं. जरा पुढं गेलं की करपट." आमच्या इंग्रजी शाळेत असे शब्द नव्हते. कुणाला सांगू नका हं, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

आणि मग एका दुपारी, डबे उघडलेले असताना, काका सगळ्यांसमोर – "आमच्या मॅडमला खरपूस म्हणजे काय ते विचारावं लागतं. आणि चव लिहिणार ही."

सगळे हसले. मीही हसले.

चेष्टाच ना ती? फार काय झालं? पण मी कुणाला काही विचारतच नाही हो. एकाच माणसाला विचारलं होतं, आणि त्यानेच –

जेवणानंतर त्यांच्या एलची शेवटची चव होती. तुम्हाला सांगते, ती सुंदर होती. आधी काकवीसारखी गोडी, मग भाजलेलं खोबरं, शेवटी जिभेवर बारीकशी कडू रेघ. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी कागदावर लिहिलं – बर्न्ट.

चुकून? नाही. रोस्टेड हा शब्द मला खरपूसच्या कितीतरी आधीपासून येतो.

त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय गं, बाळा?"

"खरपूस," मी म्हणाले.

ते खूश झाले. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. करपलीय असं तुम्हीच सही करून दिलंय, काकांना म्हणाले, टाकी रिकामी करा. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. 'मला इंग्रजी वाचता येत नाही', एवढं बोलले असते तर एल वाचली असती. ते बोलले नाहीत – आणि ते बोलणार नाहीत, हे मला लिहितानाच माहीत होतं. त्यांनी माझं गुपित हसण्यावारी नेलं. मी त्यांचं कुणालाच सांगितलं नाही. वापरलं.

टाकी सोडली तेव्हा गटारावर तपकिरी फेस आला. वास खरपूस होता.

काका अजून तिथेच आहेत, दुसऱ्यांच्या कृतीने बनवतात. कागद मीच लिहिते. आता ते काय लिहिलंय विचारत नाहीत. सरळ सही करतात.