चपलांचा राखणदार

डोंबिवलीत सायबर कॅफे नवे होते तेव्हा चपला बाहेर काढूनच आत जायचं. तिथून मी ठाण्याच्या तीन मित्रांना चॅटवर पहिल्यांदाच खेळ खेळवत होतो. गोष्ट माझी, त्यातले योद्धे ते; पुढे काय करणार ते लिहून कळवायचे. तिघं राक्षसाच्या गुहेशी पोचले. तेवढ्यात शेजारी एसीची हवा खात बसलेले अनोळखी काका माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाले, "चपला काढल्या का त्यांनी?"

मी तसंच टाइप केलं. तिघांनी निमूट काढल्या. पण त्या सांभाळायला बाहेर कोणी थांबेना, म्हणून आत कोणी जाईना. खेळ बोंबलला.

"सांग त्यांना, मी बघतो," म्हणत काका बाहेर गेले.

राक्षस मेल्यावर मी बाहेर आलो, तर काका पायरीवर बसलेले. मी मोकळ्या फरशीवर पाय ठेवला तसे खेकसले, "अरे, बघून! त्यांच्या आहेत तिथे."

मी घाईघाईने पाय उचलला.