दादाचा मागे पडणारा सूर

माझा थोरला भाऊ एकतीस वर्षं एकाच हॉटेलात संध्याकाळी गिटार वाजवतोय. लोक जेवतात, गप्पा मारतात, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्याचं त्याला काही नाही. पण त्याच्या अँप्लिफायरबद्दलच्या कुरकुरी इतक्या, की अँप्लिफायर दुरुस्त करणारा मी, त्याचा सख्खा भाऊ, तो दुकानाकडे येताना दिसला की चहाला पळतो.

या महिन्यात तो तिसऱ्यांदा आला.

"सूर मागे राहतो रे. मी छेडतो, आणि तो येतो आपला सावकाश."

अशी तक्रार उगाच नसते. जुन्या धाटणीच्या त्या अँप्लिफायरमध्ये विजेला एका दिशेला वळवणारा रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह आहे. तार जोरात छेडली की तो दमतो, सूर क्षणभर दबतो आणि मग वर येतो. म्हणून पहिल्या खेपेला मी तो बदलला. दुसऱ्या खेपेला त्याहून कडक जातीचा बसवला. त्यापुढे मात्र हात टेकले. खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळलं होतं. दादाची उजव्या हाताची बोटं सकाळी वळत नाहीत, असं वहिनी बोलता बोलता बोलून गेली होती.

"आज तू वाजव," दादा म्हणाला. "मी ऐकतो."

तो पायाने ठेका धरून बसला. मला चारच धुना येतात, त्याही त्यानेच शिकवलेल्या. त्याचा पाय पडला की मी मुद्दाम किंचित थांबून तार छेडू लागलो. दोष यंत्राचा निघाला असता तर आणखी महिनाभर तरी तो सुखात राहिला असता.

त्याचा पाय थांबला. "लबाडी करतोस होय? लहानपणीही तुला धड खोटं बोलता यायचं नाही. आता ठेक्यात वाजव."

मी वाजवलं. प्रत्येक सूर त्याच्या पायाबरोबर, अगदी चोख. मला फार वाईट वाटलं. दादाने पूर्ण धून ऐकून घेतली आणि पुढे होऊन स्वतःच बटण बंद केलं.

मी गिटार उतरवून त्याच्या हातात दिली.

"हॉटेलात मी सांगेन," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला मात्र तू सांग. तिला अजून वाटतंय, तू दुरुस्त करून देशील."